विचारा बाईंना : तिळा तिळा, दार उघड

गेल्या अंकात एका वाचकांनी विचारलं होतं की मुलांना गोष्टींची गोडी कशी लावायची. मी लिहिलं होतं, रोज रात्री दहा मिनिटं सांगा आणि ऐन रंगात आली की थांबा. 'अरेबियन नाइट्स'मध्ये, म्हणजे अरबी रात्रींच्या गोष्टींत, राजाला रोज रात्री गोष्ट सांगणाऱ्या शहरजादीने हेच केलं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंक सगळा त्यांनाच देते आहे. ठाणे आणि नवी मुंबईतली सहा पत्रं निवडली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण शाळेच्या वाचनालयात एकतीस वर्षं हाच प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडांनी आला.

प्रश्न : बाई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तुमचं वाचून मी तिला अरबी गोष्टी सांगायला लागले. सासूबाईंना ते रुचलं नाही. त्या म्हणतात, "आपल्याकडे पंचतंत्र आहे, वेताळपंचविशी आहे, श्रावणातल्या कहाण्या आहेत. हे परक्यांचं कशाला घरात? आणि त्यात तो राजा रोज एक बायको मारतो म्हणे!" त्यांना दुखवायचं नाही, पण गोष्ट अर्धी सोडली तर मुलगी झोपत नाही. काय करू?
— एक आई, ऐरोली

उत्तर : गोष्ट पूर्ण करा. आणि सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्याकडून एक गोष्ट मागून घ्या. पंचतंत्रातली सातूच्या घड्याची. त्यांना ती नक्की येत असेल. भिक्षेत मिळालेलं सातूचं पीठ एक ब्राह्मण घड्यात साठवतो, घडा खुंटीला टांगतो आणि त्याच्याखाली खाट टाकून पडतो. दुष्काळ पडला की पीठ विकू, त्यातून शेळ्या घेऊ, शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या. मग घर, मग बायको, मग सोमशर्मा नावाचा मुलगा. मुलगा रांगत घोड्यांपाशी जाईल, बायकोचं लक्ष नसेल, मग मी तिला अशी लाथ मारीन! लाथ घड्याला बसते आणि सगळं पीठ अंगावर.

त्यांची गोष्ट संपली की तुम्ही बगदादच्या न्हाव्याच्या पाचव्या भावाची सुरू करा. त्याच्या वाट्याला बापाचे शंभर दिरहम आले. त्याने त्यांची काचेची भांडी घेतली, टोपलीत मांडली आणि रस्त्याच्या कडेला भिंतीला टेकून बसला. शंभराचे दोनशे होतील, दोनशेचे चारशे, असं करत करत आपण इतके श्रीमंत होऊ की वजिराची मुलगी मागू. ती लग्नाच्या रात्री समोर उभी राहील, आपण तिच्याकडे बघणारसुद्धा नाही, तिने फार विनवलं तर पायाने असं ढकलू! पाय टोपलीला लागतो. पुढचं तुमची मुलगीच सांगेल. हवेत बांधलेल्या अशा बेतांना आपण मराठीत शेखमहंमदी बेत म्हणतो. म्हणजे पीठ आपलं आणि शेख त्यांचा, आणि दोघं एकाच शब्दात नांदतायत.

हे काही योगायोगाने झालेलं नाही. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवान बादशहाच्या काळात पंचतंत्र पहलवी भाषेत गेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या पहलवी पुस्तकावरून अरबीत 'कलीला व दिम्ना' लिहिलं. करटक आणि दमनक हे आपले दोन कोल्हे. त्यांची नावं तोंडातोंडी घासून कलीला आणि दिम्ना झाली. आणि गोष्टीच्या पोटात गोष्ट, तिच्या पोटात आणखी एक, ही जी अरबी रात्रींची रीत आहे, ती सासूबाई लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दुसरं काय करतो? शुकबहात्तरीतला पोपट मालकिणीला रोज रात्री गोष्ट सांगून घराबाहेर पाऊल टाकू देत नाही, तो तर शहरजादीचा सख्खा भाऊच. आणखी मागे गेलं तर गुणाढ्याची बृहत्कथा. ती मूळ रूपात हरवली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने तिच्यावरून कथासरित्सागर रचला. परंपरा सांगते की गुणाढ्य सातवाहनांच्या दरबारी होता, म्हणजे आपल्या पैठणला.

अरबांनी कधी हे सगळं आमचंच म्हणून सांगितलं नाही. बगदादमध्ये इब्न अल-नदीम नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याने ९८७ च्या सुमाराला आपल्याला ठाऊक असलेल्या यच्चयावत अरबी पुस्तकांची यादी केली. तिचं नाव 'फिहरिस्त'. पेशवाई कागदांत यादीला 'फेरिस्त' म्हणतात, तोच हा शब्द. मी आयुष्यभर पुस्तकांच्या याद्या केल्या, म्हणून हा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्याने स्पष्ट लिहून ठेवलं आहे की ह्या गोष्टींचं मूळ 'हजार अफसान' ह्या फारसी पुस्तकात आहे. पुढे हेही लिहिलं आहे की पुस्तक बेचव आहे. इथे मात्र माझं त्याचं जमत नाही.

आता त्या राजाबद्दल. सासूबाईंची काळजी खरी आहे. शहरयार बायकोच्या बेइमानीने पेटतो, रोज एका मुलीशी लग्न करतो आणि सकाळी तिला मारतो. वजिराची थोरली मुलगी शहरजादी आपण होऊन पुढे येते. बाप तिला परोपरीने समजावतो, ती ऐकत नाही. धाकट्या बहिणीला सांगून ठेवते की रात्री मला हाक मार आणि म्हण, "ताई, झोप लागली नसेल तर एखादी गोष्ट सांग ना." मला वाटतं की जगातल्या सगळ्या गोष्टींत ह्या मुलीइतकं धैर्य थोड्यांनी दाखवलं असेल. पण हे आठव्या वर्षी सांगू नका, अकरा-बारा होऊ द्या. तोवर कोळी आणि जिन सांगा, सिंदबाद सांगा. आणि जेव्हा सांगाल तेव्हा राजाला मऊ करू नका. तो चुकला, आणि एका मुलीने त्याला हजार रात्री लावून माणसात आणलं, असंच सांगा.

एका शाळेत असताना पालकांच्या तक्रारीवरून मला हे पुस्तक मुलांच्या कपाटातून काढायला सांगितलं होतं. मी काढलं. त्याचं आजही वाईट वाटतं. सहावीतली एक मुलगी वर्षभर दर शनिवारी येऊन विचारायची, "बाई, ते बाइंडिंगहून आलं का?" मीच तिला तसं सांगितलं होतं.

एक विनंती राहिली. सासूबाईंना श्रावणातली कहाणी त्यांच्या पद्धतीने, "आटपाट नगर होतं" इथपासून सांगायला लावा आणि तुम्ही अरबी गोष्ट "कान या मा कान" अशी सुरू करा. अरब आया-आज्या तशीच करतात. अर्थ साधारण असा की 'होतं, किंवा नव्हतंही'. मुलीला दोन दारं मिळतील, आणि दोन्ही आजीच्याच खोलीत उघडतील.

प्रश्न : माझे बाबा वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी होते. लहानपणी त्यांनी दूरदर्शनवर 'अलिफ लैला' पाहिली होती, सिंदबादच्या सफरी त्यांना तोंडपाठ आहेत. आमच्या कॉलेजात मॅडम म्हणाल्या की सिंदबाद दोन होते आणि एक हमाल होता. बाबांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले, आमच्यातला कोण गेला होता तिकडे? खरं आहे का हे?
— द्वितीय वर्ष बी.ए.ची विद्यार्थिनी, तुर्भे

उत्तर : अगदी खरं, आणि बाबांना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखव.

बगदादच्या भर उन्हात एक हमाल डोक्यावर जड ओझं घेऊन चालला आहे. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या दाराशी पाणी शिंपडून जागा गार केलेली. तो तिथल्या बाकावर ओझं उतरवतो. आतून सुगंध येतो, गाणं ऐकू येतं. तो वर बघून म्हणतो, देवा, कुणाला सावली आणि कुणाला ओझं, माणूस तर दोघंही. मालक ते आतून ऐकतो आणि त्याला बोलावून घेतो. नाव विचारतो. "सिंदबाद, हमाल." मालक म्हणतो, "मीही सिंदबादच, दर्यावर्दी." मग त्याला आपल्या पंगतीला बसवून तो पहिली सफर सांगतो, निघताना शंभर मोहरा देतो आणि उद्या परत ये म्हणतो. सात सफरी, सात दिवस. एवढी संपत्ती फुकट मिळाली नाही, मीही मरणाच्या दाढेतून आलो आहे, हे त्याला त्या हमालालाच सांगायचं असतं.

अरबीत त्या माणसाचं नावच 'सिंदबाद अल-हम्माल' असं आहे. हम्माल म्हणजे ओझी वाहणारा. आपला 'हमाल' हा शब्द तिथूनच आला. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडींचा कायदा झाला, त्याच्या नावातही 'माथाडी, हमाल' असे दोन्ही शब्द आहेत. बाबांनी त्या मार्केटमध्ये आयुष्य काढलं, तर त्यांना विचार, दिवसभरात आणखी कोणते शब्द कानावर पडायचे? दलाल. दुकान. हिशेब. वकील. ट्रक अडायचा तो जकात नाका. हे सगळे अरबी शब्द. अरबी रात्रींमधला बाजार ह्याच शब्दांनी गजबजलेला आहे. दलाल तिथेही मालाची बोली लावतो. संस्कृतीचा प्रभाव म्हटलं की लोक पुस्तकं आणि सिनेमे मोजतात. मला तो हिशेबाच्या वहीत आणि माथाड्याच्या पाठीवर जास्त दिसतो.

सिनेमावाल्यांना दर्यावर्दी हवा असतो, म्हणून हमाल मागे पडला. पण गोष्ट ऐकणारा नसेल तर सांगायची कुणाला? सातही सफरी त्याच्यासाठी सांगितल्या गेल्या. मी ती गोष्ट वाचते तेव्हा दर्यावर्द्याच्या समोर बसलेल्या त्या माणसाकडेच माझं लक्ष असतं.

प्रश्न : एका व्हिडिओत ऐकलं की अल्लाउद्दीन आणि अलिबाबा मुळात अरेबियन नाइट्समध्ये नाहीतच, एका फ्रेंच माणसाने ते घुसडले. मग आपण लहानपणापासून जे ऐकलं ते खोटं का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कळवा

उत्तर : व्हिडिओने तुला अर्धं सांगितलं आणि महत्त्वाचा माणूस गाळला.

फ्रेंच विद्वान आंत्वान गालाँ ह्याने १७०४ ते १७१७ ह्या काळात बारा खंडांत हे भाषांतर केलं. त्याच्याजवळ सीरियातून आलेलं तीन भागांचं हस्तलिखित होतं. त्यातल्या गोष्टी संपल्या, वाचक मात्र आणखी मागत राहिले. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला अलेप्पोचा एक तरुण भेटला. हन्ना दियाब. मॅरोनाइट ख्रिस्ती, एका फ्रेंच प्रवाशाबरोबर नोकरीच्या आशेने आलेला. ह्या मुलाने गालाँला तोंडी गोष्टी सांगितल्या, गालाँने आपल्या रोजनिशीत टिपून घेतल्या. अल्लाउद्दीन, अलिबाबा, राजपुत्र अहमद आणि परीबानू ह्या त्या गोष्टी. छापलेल्या पुस्तकात हन्नाचं नाव कुठेही आलं नाही. तो घरी परतला, आणि १७६० च्या दशकात, म्हातारपणी, त्याने आपली प्रवासकथा अरबीत लिहिली. ते हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होतं. ते त्याचंच आहे हे १९९० च्या दशकात कळलं.

आता तूच सांग, ह्या गोष्टी खोट्या कशा? अलेप्पोच्या एका माणसाने अरबी तोंडाने सांगितल्या, ही काय कमी साक्ष आहे? जुन्या पोथीत नाहीत एवढंच. लोककथा पोथीत शिरायच्या आधी शेकडो वर्षं तोंडातच असते. आणि जगाने सगळ्यात जास्त उचलल्या त्या ह्याच. जर्मन दिग्दर्शिका लोटे रायनिगरने १९२६ साली सावल्यांच्या कात्रणांतून केलेला पूर्ण लांबीचा सिनेमा राजपुत्र अहमदचाच. उडता गालिचाही त्याच गोष्टीतला, अल्लाउद्दीनचा नव्हे. आणि तो गालिचा मिळतो कुठे माहीत आहे? गालाँने गावाचं नाव 'बिस्नागर' असं लिहिलं आहे, म्हणजे आपलं विजयनगर! थोरला राजपुत्र तिथल्या बाजारात तो विकत घेतो. अल्लाउद्दीन तर चीनमध्ये राहतो. तीनच इच्छांची अटही त्याच्या दिव्याला नाही.

तुझ्या प्रश्नावर मी इतकं लिहिते आहे त्याचं कारण हन्ना दियाबचं नाव मी निवृत्तीनंतर वाचलं, आणि वाचल्याबरोबर मला माझ्या लहानपणीची खाला आठवली. साठच्या दशकात आम्ही ठाण्यात उथळसरला वाड्यात राहायचो. राबोडीहून एक कोकणी मुसलमान बाई पावसाळ्याच्या आधी गोधड्या शिवायला यायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. दोन दिवस ओसरीवर बसायची. आई जुनी लुगडी आणून टाकायची, ती थर लावून धावदोरा घालत जायची आणि तोंडाने अलिबाबा चालू. तिच्या गोष्टीत अलिबाबा दुय्यम. सगळी गोष्ट त्याच्या घरातल्या दासीची, मर्जिनाची. चोर दारावर खडूची खूण करून जातो, मर्जिना आळीतल्या सगळ्या दारांवर तशीच खूण करते, हे सांगताना खाला सुई थांबवून आमच्याकडे बघायची. अलिबाबाच्या भावाच्या, कासीमच्या प्रेताचे तुकडे म्हातारा चांभार डोळ्यांवर पट्टी बांधून नेलेल्या घरात शिवतो, तिथे आली की टाका जरा हळू घालायची. आम्ही गोधडीकडे बघायलाही घाबरायचो.

तिने ही गोष्ट कुठून ऐकली हे मी कधी विचारलं नाही. पुढे एकतीस वर्षं मी शेकडो मुलांना अलिबाबा सांगितला तो तिच्याच पद्धतीने, मर्जिनाला पुढे ठेवून, आणि तिचं नाव एकदाही घेतलं नाही. गालाँने जे हन्नाचं केलं तेच मी तिचं केलं. आज छापून सांगते : मला अलिबाबा राबोडीच्या खालाने दिला.

प्रश्न : आमचं घर चेंदणी कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजोबा म्हणायचे, पूर्वी अरबांची गलबतं आपल्या खाडीपर्यंत यायची. नातू म्हणतो, आजोबा गोष्टी रचायचे. आपण काय सांगाल?
— एक ज्येष्ठ वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : काका, नातवाला माझ्याकडे पाठवा.

अल-मसूदी हा बगदादचा मोठा प्रवासी आणि इतिहासकार. हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-९१७ ला, तो सैमूरला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल. त्याने लिहिलं आहे की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही इथेच जन्मलेले, काही सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले. तिथल्या राजाचं नाव त्याने दिलं आहे ते झंझाचं. हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा, आणि त्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे ठाणे. सैमूर, सोपारा आणि ठाणे ह्या बंदरांत कोणती भाषा बोलतात तेही त्याने नोंदवलं. तो तिला लारी म्हणतो. ही गलबतं ज्या वाऱ्यांवर यायची त्यांना आपण 'मोसमी' म्हणतो, तो शब्दही अरबी 'मौसिम', ऋतू.

आता ह्याच मसूदीची दुसरी ओळख. 'हजार अफसाना' नावाचं फारसी गोष्टींचं पुस्तक आहे, अरबीत लोक त्याला 'हजार रात्री' म्हणतात, त्यात राजा आहे, वजीर आहे आणि वजिराची मुलगी आहे, असं ज्याने लिहून ठेवलं, तो हाच. अरबी रात्रींविषयीच्या सगळ्यांत जुन्या लेखी साक्षींपैकी ही एक. ती साक्ष आणि ठाण्याचं नाव एकाच माणसाच्या एकाच ग्रंथात आहे. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी मासुंदा तलावाच्या काठावर किती तरी वेळ बसून होते. चौलच्या धक्क्यावर माल उतरेपर्यंत बसऱ्याच्या खलाशांनी आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी एकमेकांना काय काय सांगितलं असेल! त्यातलं काही सिंदबादमध्ये गेलं असेल असं मला मनापासून वाटतं. पुरावा मागाल तर देता येणार नाही, पण आजोबांची बाजू मी घेईन.

कोळी आणि जिनची गोष्ट तुमच्या घरात असेलच. नसेल तर नातवाला सांगा. तो म्हातारा कोळी दिवसातून चारच वेळा जाळं टाकतो. पहिल्यांदा मेलेलं गाढव, मग चिखलाने भरलेला रांजण, मग खापरं आणि काचा, आणि चौथ्यांदा पितळेची सुरई, तोंडावर सुलेमानाची मोहर. तुम्ही खाडीत पाग टाकली असेल तर पहिल्या तीन खेपा तुम्हाला समजावून सांगायला नकोत. हल्ली चिखल आणि प्लास्टिकच हाती लागतं असं मला तुमच्याच कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या मावशी सांगतात. सुरईतला जिन म्हणतो, पहिली शंभर वर्षं मी ठरवलं होतं की सोडवणाऱ्याला श्रीमंत करीन. पुढे वर्षं गेली, कुणी आलं नाही, तेव्हा ठरवलं की सोडवील त्याला मारीन. ही गोष्ट मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं जिनवर चिडायची. एकदा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, त्याला फार उशिरा सोडवला ना." तो वसतिगृहात राहायचा. ती ओळ मी विसरू शकत नाही.

प्रश्न : मराठीत कोणतं पुस्तक घ्यावं?
— वाचक, सीवूड्स (आणि अशीच आणखी सहा पत्रं)

उत्तर : कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ह्या गोष्टी मराठीत आणल्या, 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' ह्या नावाने. आपण एखाद्या अजब हकीकतीला 'सुरस आणि चमत्कारिक' म्हणतो, ते त्या नावावरूनच. भाषा जुनी आहे, पण मोठ्याने वाचली की छान चालते. मुलांसाठी आधी आपण वाचा आणि मग तोंडी सांगा. मोठ्यांसाठी गौरी देशपांडे ह्यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी आवृत्तीचं सोळा खंडांत केलेलं भाषांतर आहे, १९७० च्या दशकातलं. सोळा खंड! एका बाईने एवढं डोंगराएवढं काम मराठीसाठी केलं आणि आपण त्याची फारशी आठवण ठेवत नाही, ह्याची मला खंत आहे. बर्टनची काळ्या गुलामांविषयीची भाषा मला खटकते, ती सावधपणे वाचा. दोन्ही पुस्तकं ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा. १८९३ सालची ही संस्था स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आणि पुस्तकात कुणी काही खरडलेलं सापडलं तर रागावू नका. अरबी रात्रींचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना तुकडा म्हणजे कागदाची दोन पानं आहेत, इजिप्तमध्ये सापडलेली, आता शिकागोला आहेत. नाबिया ॲबट ह्या विदुषीने ती ओळखली. कुणीतरी त्या पानांच्या कोऱ्या जागेत दस्तऐवजाचा मजकूर गिरवून बघितला आणि त्यात तारीख घातली, हिजरी २६६, म्हणजे इसवी सन ८७९. त्या गिरवण्यामुळेच पानांचं वय कळलं.

प्रश्न : बाई आजी, 'खुल जा सिम सिम' मधला सिम सिम कोण आहे? तो गुहेत राहतो का?
— वय वर्षे नऊ, नेरूळ

उत्तर : बाळा, सिमसिम म्हणजे तीळ! अरबीत तिळाला सिमसिम म्हणतात. संक्रांतीला तू जो लाडू खातोस त्यातला तीळ. म्हणून मराठीत आपण म्हणतो, "तिळा तिळा, दार उघड." हिंदीत तो शब्द तसाच राहिला आणि सगळ्यांना वाटू लागलं की सिम सिम कुणी राक्षसबिक्षस आहे.

हे कळलं की कासीमची फजिती नीट समजते. तो गुहेत शिरला, सोनं बघून त्याचं डोकं फिरलं आणि बाहेर पडताना कोणतं धान्य म्हणायचं तेच विसरला. तो म्हणाला, "जवा, दार उघड." दार कसं उघडणार? मला ही गोष्ट सांगणारी खाला इथे खूप वेळ घ्यायची. ती कासीमला आमच्या घरातलं एकेक धान्य म्हणायला लावायची. "गव्हा गव्हा, दार उघड." नाही. "मुगा मुगा, दार उघड." नाही. "कुळथा कुळथा, दार उघड." नाही. बाहेर चोरांच्या घोड्यांच्या टापा जवळ येताहेत, आणि कासीम आपला उडीद, वाल, नाचणी, वरी करत बसलाय. आम्ही ओरडायचो, "तीळ! अरे, तीळ!"

आता तू स्वयंपाकघरात जा, आईला विचारून डबे उघडून बघ आणि किती धान्यं आहेत ती कागदावर लिही. पुढच्या वेळी धाकट्या भावंडांना गोष्ट सांगशील तेव्हा कासीमला ती सगळी म्हणायला लाव. तीळ मात्र त्याला आठवू द्यायचा नाही.